हेमाडपंती, पांडवकालीन आणि आपण

काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दाखवा आणि विचारा, "हे कधीचं?" आपल्याकडे उत्तरं दोनच. पहिलं, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं." दुसरं, जरा शिकलेल्या माणसाचं, "हेमाडपंती आहे." दोन्हीपैकी कुठलंही मिळालं की प्रश्न संपतो आणि मंडळी फोटो काढायला मोकळी! माझं स्पष्ट मत असं की दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा फार शहाणं नाही.

हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या दरबारातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि अंबरनाथचं शिवमंदिर? तिथल्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इ. स. 1060. त्यालाही लोक बिनधास्त हेमाडपंती म्हणतात. मंत्री दरबारात यायच्या दोनशे वर्षं आधी त्याच्या नावाची शैली! आमच्या व्हायवाला असं उत्तर दिलं असतं तर सरांनी जर्नल खिडकीबाहेर फेकलं असतं.

हा विषय डोक्यात शिरला तो भुलेश्वरामुळे. मी मूळची शिरूरची, शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या शाळेच्या लायब्ररीत युरोपातल्या जुन्या चर्चचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यामुळे गोल कमान म्हणजे रोमनेस्क आणि टोकदार कमान म्हणजे गॉथिक, हे आठवीतच पाठ. फ्रान्समधल्या छोट्या छोट्या गावांतल्या मठांचे फोटो पाहून मी हरखून जायचे. पण शिरूरहून न्हावरा-चौफुलामार्गे यवतकडे आलं की डोंगरावर भुलेश्वर आहे, हे त्या पुस्तकात कुठून असणार? दौंड तालुका जिथे संपतो आणि पुरंदर सुरू होतो तिथलं हे ठिकाण, माळशिरस गावच्या हद्दीत. पुणे-सोलापूर हायवेवरून रोज हजारो गाड्या याच्या पायथ्यावरून जातात.

मागच्या हिवाळ्यात होस्टेलच्या आम्ही सहाजणी गेलो होतो. लांबून बघितलं तर ते देऊळ वाटतच नाही. चुन्याचे घुमट, मिनारासारखे कोपरे, किल्ल्यासारखी भिंत. किल्ला होताच तिथे. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव, ज्याने 1630 च्या सुमारास पुणं बेचिराख केलं, त्याने याच डोंगरावर दौलतमंगळ बांधला. वरचं घुमटांचं काम नंतरचं, मराठा काळातलं. खरं यादवकालीन देऊळ या सगळ्याच्या पोटात आहे. अरुंद दारातून अंधाऱ्या पायऱ्या चढायच्या, डोळ्यांना काही दिसेना होतं, आणि मग एकदम समोर नंदी आणि चहूबाजूंनी कोरलेला काळा दगड! महाभारतातले प्रसंग, हत्ती, नर्तिका, आणि एक स्त्रीरूपातला गणपती, खाली उंदरासकट. मी तर बघतच राहिले.

गुरवकाकांना विचारलं, "काका, हे बांधलं कधी?" तर म्हणाले, "पोरी, पांडवकालीन आहे." मग त्यांनी पेढ्याची गोष्ट सांगितली. पिंडीखाली नैवेद्याचे पेढे ठेवले की त्यातला एखादा कमी होतो म्हणे. मेकॅनिकलच्या मैत्रिणीला लगेच तिथे मोबाइल कॅमेरा लावायचा होता. तिला आम्ही आवरलं. असो.

मूर्तींचे चेहरे आणि हात बहुतेक फुटलेले आहेत. परत येताना गाडीत यावरच चर्चा. कोणी फोडले, कधी फोडले, का फोडले. चौफुल्यापर्यंत आवाज चढले होते. माझा मुद्दा वेगळा होता आणि तो कोणी ऐकून घेतला नाही, म्हणून इथे लिहितेय. फुटलेल्या नाकावर आपण तासभर भांडतो, पण ज्या छताखाली उभे होतो ते छत आठशे वर्षं कसं टिकलं यावर सहा इंजिनिअरिंगच्या मुलींपैकी एकीनेही प्रश्न विचारला नाही. मी विचारला तर "सबमिशन नाहीये गं हे" असं उत्तर!

आता थोडं टेक्निकल, कंटाळा करू नका. रोमनेस्क चर्चचं छत म्हणजे बोगद्यासारखी लांबलचक दगडी कमान. कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. म्हणून भिंती जाडजूड आणि खिडक्या एवढ्याशा. म्हणूनच तिथे अंधार. आपल्या मंदिरांत हा बाहेरचा रेटा जवळपास नाहीच. खांब, त्यावर तुळई, त्यावर शिळा, सगळं वजन सरळ खाली. मधला चौकोन झाकायचा तर कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकायच्या, चौकोन लहान होतो, पुन्हा तिरक्या शिळा, आणखी लहान. किंवा प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत न्यायचा. जोडायला चुना नाही, एकमेकांचं वजनच त्यांना धरून ठेवतं. पण याचीही किंमत आहे. दगड दाबाला दणकट आणि ताणाला कच्चा, त्यामुळे दगडी तुळई फार लांब नेता येत नाही. म्हणून खांब जवळजवळ आणि मंडप आटोपशीर. म्हणजे अंधार इथेही आहे आणि तिथेही, पण कारणं पूर्ण वेगळी! मला तर हे कुठल्याही शिल्पाइतकंच सुंदर वाटतं. 'हेमाडपंती' या एका शब्दाखाली हे सगळं झाकलं जातं.

"परदेशातले लोक बघा कसं जपतात" हे आपलं ठरलेलं वाक्य. तेही अर्धवटच खरं आहे. फ्रान्समध्ये क्लूनी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या मठाचं चर्च 1088 मध्ये बांधायला घेतलं, लांबी 187 मीटर. बांधकाम चालू असतानाच 1125 मध्ये छताचा एक भाग कोसळला, तरी त्यांनी ते पुरं केलं. रोममधलं आताचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात याच्याएवढं मोठं चर्च नव्हतं. आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, 1798 मध्ये, ते चक्क विकलं. पुढची वीसेक वर्षं लोकांनी दगडाची खाण समजून ते फोडलं. आज उभा आहे तो एक लहानसा तुकडा. तेव्हा गावच्या मारुतीच्या ओट्याला कोरीव दगड बसवलेला दिसला की "आपले लोक असेच" म्हणून कपाळाला हात लावायची गरज नाही. तेही असेच.

फरक त्यानंतर पडला. 1928 पासून केनेथ कोनंट नावाच्या अमेरिकन माणसाने तिथे वर्षानुवर्षं खणून, मोजून, नकाशे काढून मूळ चर्च कागदावर उभं केलं. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या मठाच्या इमारतींत आज एक इंजिनिअरिंग कॉलेज भरतं! तिथल्या विद्यार्थ्यांनी 1990 च्या दशकात ते पाडलेलं चर्च कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये पुन्हा उभं केलं. आपल्यासारखीच मुलं, आपल्यासारखेच प्रोजेक्ट, फक्त विषय खिडकीबाहेरचा निवडला.

आणि आपण? दरवर्षी तेच ऑटोमॅटिक पाण्याची टाकी आणि तोच लाइन फॉलोअर रोबो, मागच्या बॅचचा रिपोर्ट, नवीन कव्हर. सिव्हिलवाल्यांचा सर्व्हे कॅम्प होतो तेव्हा ते मोकळं माळरान मोजतात. भुलेश्वर मोजा की! दौंडमधून भीमा ओलांडली की पेडगाव आहे, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथला बहादूरगड आपल्याला 1689 मुळे, संभाजी महाराजांना पकडून तिथे आणलं म्हणून माहीत असतो, आणि ते माहीत असायलाच हवं. पण तिथेच लक्ष्मीनारायणाचं जे अप्रतिम देऊळ आहे, त्याकडे किती जणांचं लक्ष जातं?

घाई यासाठी की गावोगाव जीर्णोद्धाराची लाट आहे. मी जीर्णोद्धाराच्या विरुद्ध नाही. देऊळ वापरातलं आहे, ते काही म्युझियम नव्हे. गावाला गळकं छत नको असतं, पाय घसरू नये म्हणून फरशी हवी असते, यात काय चुकलं? पण शिरूर तालुक्यातल्याच एका गावात मी बघितलंय, कोरीव खांबांना ऑइल पेंट, तोही दोन रंगांत, आणि शिळांच्या सांध्यांत सिमेंट. जिथे दगड सुटे राहून थोडे हलू शकत होते तिथे ते जखडले गेले. सांध्यातून बाहेर जाणारी ओल आता दगडातच अडकून राहणार. गावकऱ्यांनी ते भक्तीनेच केलंय, पैसे जमवून केलंय. त्यांना कोणी इंजिनिअर भेटला नाही एवढंच. आणि पंचक्रोशीत इंजिनिअरिंगची मुलं किती? मोजायला बसलं तर टेप पुरणार नाही!

काही जणी म्हणतील, देवाच्या ठिकाणी कसली मोजमापं? ज्या सूत्रधाराने ते उभं केलं त्याने दोरी लावल्याशिवाय एकही खांब रोवला नसणार. आणखी कोणी म्हणेल, हे काम पुरातत्त्व खात्याचं. आहेच. भुलेश्वरला हात लावायचा तर त्यांची परवानगी लागेल आणि ती घेतलीच पाहिजे. पण चौकटीबाहेर राहिलेली गावोगावची लहान देवळं, पार, बारवा, वीरगळ आहेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी सरपंचांची परवानगी, एक तीस मीटरचा टेप आणि मोबाइल पुरे. आजकाल चारी बाजूंनी फोटो काढून थ्रीडी मॉडेल करता येतं, ब्रँच कुठलीही असो. उद्या तिथे सिमेंट पडलंच, तर निदान आधी काय होतं ते कुठेतरी राहील.

पुढच्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी चौघांचा ग्रुप करतेय. सिव्हिलचा एक आणि कॉम्प्युटरची एक ठरलीत, दोन जागा शिल्लक आहेत. टोटल स्टेशन लॅबबाहेर न्यायला एचओडींची सही लागते. तो अर्ज मी लिहून ठेवलाय.