सेवेची सहल आणि सहलीचे लेखन

पाश्चात्त्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेल्या काही दशकांत एक नवा प्रकार रूढ झाला आहे. दोन ते चार आठवड्यांसाठी एखाद्या गरीब देशात जावयाचे. सकाळी तेथील शाळेत इंग्रजी शिकवावयाचे किंवा एखाद्या बांधकामाच्या विटा वाहावयाच्या. संध्याकाळी वहीत टिपणे काढावयाची. आणि मायदेशी परतल्यावर त्या टिपणांतून एक प्रवासलेख सिद्ध करून प्राध्यापकांच्या हाती ठेवावयाचा. सेवा आणि लेखन यांबद्दल मिळून काही श्रेयांक पदरी पडतात. नेपाळ, कंबोडिया, घाना, ग्वाटेमाला ही या सहलींची नेहमीची ठिकाणे. कोविडपूर्वीच्या २०१८-१९ या वर्षात सुमारे ३ लाख ४७ हजार अमेरिकी विद्यार्थी श्रेयांकांसाठी परदेशी गेले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक युरोपातच गेले आणि त्यांना सेवेची सबब लागली नाही, ही गोष्ट सूचक आहे. रोमला जाणारा विद्यार्थी रोमची सेवा करावयास जात नाही. तो शिकावयास जातो. काठमांडूला जाताना मात्र त्याला सेवेचे वस्त्र पांघरावेसे वाटते.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लोकसंपर्क आणि सेवा यांना श्रेयांकांच्या चौकटीत आणले. त्यातील हेतू स्तुत्य आहे. पण श्रेयांक आले की बाजार येतो. आपल्या शहरांतील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर परदेशातील ‘सेवा-सहलीं’च्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. उद्या पुण्या-मुंबईचे सधन विद्यार्थी पोखऱ्याला नेमके तेच करावयास जातील, जे आज बोस्टनचे करतात. म्हणून त्यांच्या अनुभवाचा हिशेब आपण आताच तपासलेला बरा.

सेवेतून शिक्षण ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत आकारास आली. त्याच्या थोडे आधी, १९६१ च्या मार्चमध्ये, अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ची स्थापना केली होती. आपल्याकडे २४ सप्टेंबर १९६९ रोजी डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव या अर्थतज्ज्ञ शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या तिन्ही गोष्टी एकाच काळाची अपत्ये असली, तरी त्यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे. पीस कोअरचा स्वयंसेवक दोन वर्षे राही आणि जाण्यापूर्वी भाषेचे धडे घेई. आपला सेवा योजनेचा विद्यार्थी वर्षाला १२० तास काम करतो, आणि तेही जवळच्या गावात, स्वतःच्या भाषेत. त्याच्या हातून फारसे काही झाले नाही तरी गावाला त्याचा मोठा भुर्दंड पडत नाही. आणि तो खोटे लिहू लागला तर त्याला खोटे ठरविणारा माणूस एस. टी.ने तासाभरात महाविद्यालयात येऊ शकतो. परदेशी सेवा-सहलीत वेळ, भाषा आणि हा जाब विचारण्याचा अधिकार, तिन्ही गळून पडतात.

सेवा आणि लेखन यांची गाठ पडली की काय होते, याचा पहिला मोठा धडा १९६१ च्या ऑक्टोबरमध्येच मिळाला होता. नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. इबादान येथील विद्यापीठ महाविद्यालयात पीस कोअरच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण चालू होते. त्यातील एका तरुण पदवीधर मुलीने मायदेशातील मित्राला पोस्टकार्ड लिहिले. शहरातील गलिच्छपणा, रस्त्यावरच चालणारे लोकांचे सारे व्यवहार, आपण याला मुळीच तयार नव्हतो, अशा आशयाच्या चार ओळी. कार्ड टपालपेटीत पडण्याऐवजी वाटेत कुठेतरी पडले आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याला सापडले. पाहता पाहता त्याच्या प्रती वसतिगृहांतून फिरल्या, निषेधसभा झाली, अमेरिकी स्वयंसेवकांवर बहिष्कार पडला. त्या मुलीला देश सोडावा लागला. खुद्द केनेडींनी तिला धीर देणारे पत्र लिहिले.

या प्रकरणाकडे सामान्यतः एका अननुभवी मुलीचा उतावीळपणा म्हणून पाहिले जाते. ते अन्यायाचे आहे. तिने जे पाहिले ते खोटे नव्हते, आणि तिच्या मनात तुच्छता होती असेही दिसत नाही. विद्यार्थी संतापले ते वर्णनावर नव्हे, वर्णनाच्या पत्त्यावर. आपल्यासमोर जेवणाच्या मेजावर बसणारी व्यक्ती आपल्याविषयी जे बोलते ते आपल्याशी न बोलता हजारो मैलांवरच्या तिसऱ्याच माणसाला सांगते, आणि तेथे आपले चित्र कायम होते, ही ती जखम होती. पोस्टकार्ड उघडे असते म्हणून ते उघडकीस आले, एवढेच. आज सेवा-सहलीवरचे लेख बंद वर्गात वाचले जातात आणि विद्यापीठाच्या नियतकालिकात छापले जातात. ज्यांच्याविषयी ते असतात त्यांच्या हाती ते पडण्याचा संभव जवळजवळ नसतोच.

सात वर्षांनी, १९६८ च्या एप्रिलमध्ये, इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत उन्हाळी सेवेसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेत त्यांना तोंडावर सांगितले की, तुमचे सद्हेतू तुमच्यापाशीच ठेवा. फिरावयास या, डोंगर चढा, फुले पाहा, अभ्यास करा. मदत करावयास मात्र येऊ नका. इलिच यांची अतिशयोक्तीची सवय प्रसिद्ध आहे आणि त्यांच्या इतर अनेक मतांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. तथापि या भाषणातील मुद्दा अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकतो.

तो असा पाहता येईल. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून चर्चच्या स्वयंसेवकांची पथके घरे बांधावयास गेली. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने याचा पुढे अभ्यास केला. स्थानिक संस्था जे घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधीत, तेच घर परदेशी पथकाने बांधले की पथकाचा प्रवासखर्च धरून सुमारे ३० हजार डॉलरला पडे. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे झाली असती, आणि ती बांधणाऱ्या होंडुरासच्या गवंड्यांना ऐन संकटात मजुरी मिळाली असती. घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यावर, घर कोणी बांधले यामुळे काही फरक पडल्याचे आढळले नाही. याहून विशेष असे की, बांधावयास गेलेल्यांच्या पुढील जीवनक्रमातही टिकाऊ बदल फारसा दिसला नाही. विनामूल्य श्रम म्हणून ज्याचा गौरव होतो ते श्रम बाजारातील सर्वांत महाग श्रम असू शकतात.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. ते ३० हजार डॉलर सहलीशिवाय होंडुरासला मिळालेच नसते. मनुष्य विमानाच्या तिकिटावर खर्च करील, पण तेवढ्या रकमेचा धनादेश देणार नाही. हे खरे आहे. पण मग हा खर्च सेवेच्या खात्यावर न मांडता प्रवासाच्या खात्यावर मांडावा. पोखऱ्याच्या लॉजमालकाला भाडे देणारा, वाटाड्याला मजुरी देणारा प्रवासी उजळ माथ्याने व्यवहार करीत असतो. त्यात उपकाराची भाषा नसते, म्हणून कृतज्ञतेची अपेक्षाही नसते. घोटाळा होतो तो एकच वस्तू दोनदा विकली जाते तेव्हा: विद्यार्थ्याला शिक्षण म्हणून, आणि गावाला दान म्हणून. शुल्क विद्यार्थी भरतो, म्हणून कार्यक्रम त्याच्या सुट्टीच्या वेळापत्रकाप्रमाणे आखला जातो. गावातील शाळेची परीक्षा केव्हा आहे, पेरणी केव्हा आहे, हे पाहण्याची कोणाला गरज पडत नाही. आणि दर महिन्याला नव्या तोंडाकडून तेच इंग्रजी आकडे नव्याने शिकणाऱ्या मुलांची कल्पना करावी.

जेथे गैरसोय संपून अपाय सुरू होतो ते क्षेत्र अनाथाश्रमांचे. येथे मागणीने पुरवठा निर्माण केला, असे म्हणण्यास दुर्दैवाने पुरेपूर आधार आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्थांची संख्या १५४ वरून २६९ झाली. हा देशात अनाथांची लाट येण्याचा काळ नव्हता. पर्यटकांची लाट येण्याचा होता. २०११ मध्ये युनिसेफच्या पाहणीत असे दिसले की, या संस्थांतील दर चारांपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. नेपाळातील बहुसंख्य बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पर्यटकांच्या पाच जिल्ह्यांत एकवटली आहेत आणि तेथील बहुतेक मुलांनाही पालक आहेत. डोंगराळ जिल्ह्यांतील आईबापांना शिक्षणाचे आश्वासन देऊन दलाल मुले खाली आणतात. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर दोन महिन्यांच्या आतच किमान २४५ मुलांची तस्करीतून किंवा बालगृहांत बेकायदा भरती होण्यातून सुटका करावी लागली, असे युनिसेफने जाहीर केले होते. दोन आठवडे माया लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांच्या रांगेने त्या मुलांच्या मनाचे काय होत असेल, ते वेगळेच. पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसावर सेवाकार्य करणे नेपाळच्या कायद्याला संमत नाही. तरीही ते चालते, कारण ते पुरविणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना, दोघांनाही त्यात सोय दिसते.

जगाने याची दखल घेतलेली नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची नोंद घेतली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख केला. विद्यापीठांच्या प्रवासलेखनाच्या वर्गांत हे दस्तऐवज वाचून घेतले जात असतील तर आनंदच आहे.

आता लेखनाविषयी. या सहलींतून निघणाऱ्या लेखांचा साचा इतका ठरलेला असतो की दोन-चार वाचल्यावर पाचवा न वाचता सांगता यावा. आगमन, धक्का, एका हसऱ्या मुलाची भेट, अश्रू, निरोप, आणि ‘मी काही देण्यास गेलो होतो, पण मीच घेऊन आलो’ हे शेवटचे वाक्य. ते वाक्य हिशेबाच्या दृष्टीने अगदी बरोबर असते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. दादाभाई नौरोजींच्या वाचकांना हा व्यापार ओळखीचा वाटावा: कच्चा माल एका देशातून उचलावयाचा, त्यावर संस्कार दुसऱ्या देशात करावयाचे आणि वाढलेले मूल्य तेथेच ठेवावयाचे. केनियाचे लेखक बिन्यावांगा वैनाइना यांनी २००५ मध्ये ‘ग्रँटा’ नियतकालिकात या साच्याची अशी काही टर उडविली की, त्यानंतर आफ्रिकेवर लिहिणाऱ्या शहाण्या माणसाने थोडे थांबून लेखणी उचलावी. तरी साचा टिकून आहे, कारण त्याला गुण मिळतात.

मराठीत याच्या नेमके उलट उदाहरण सव्वाशेहून अधिक वर्षांपासून आपल्यापाशी आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नावातील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, शिक्षण, उद्योग, स्त्रियांची स्थिती आणि त्यांच्या संस्था यांची माहिती आणि आकडे त्यांनी कष्टाने गोळा केले. जे अनुकरणीय वाटले त्याची मनापासून स्तुती केली, आणि निग्रोंना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही झाकली नाही. बाई अमेरिकेची सेवा करावयास गेल्या नव्हत्या. म्हणूनच कदाचित त्यांना अमेरिका दिसली.

दुसरे उदाहरण विक्रोळीचे. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरतर्फे भारतात आल्या. मूळ काम कुटुंबनियोजनाचे. पुढे गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात त्यांनी परिचारिकेचे काम केले. सुमारे एकवीस महिन्यांच्या त्या वास्तव्यात त्यांनी घरच्यांना लिहिलेली पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. हा गृहस्थी जिव्हाळ्याचा पत्रव्यवहार आहे, समाजशास्त्र नव्हे. पण ही बाई हाताशी कसब घेऊन आली होती आणि दोन पावसाळे टिकली. तीन आठवड्यांत परत गेली असती, तर तिच्याही हाती फार तर इबादानचे पोस्टकार्डच लागले असते.

तेव्हा आपल्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना परदेशी पाठवूच नये काय? अवश्य पाठवावे. नेपाळला जावयास आपल्याला व्हिसासुद्धा लागत नाही. तेथील सहकारी दुग्धसंस्था, सामुदायिक वने, परदेशी गेलेल्या मजुरांच्या पैशावर उभी असलेली गावे, हा सारा अभ्यासाचा मोठा विषय आहे. विद्यार्थी म्हणून जावे, शिकविणाऱ्या स्थानिक शिक्षकाला मानधन द्यावे, आणि सेवा हा शब्द माहितीपत्रकातून काढून टाकावा. बालगृहांत तर कोणत्याही सबबीवर पाय ठेवू नये. जाण्यापूर्वी आपल्याच शहरातील उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत आणि सोसायट्यांच्या फाटकांवर उभ्या असलेल्या नेपाळी माणसांशी विद्यार्थ्याने बोलून यावे. त्यांपैकी अनेकांची हिंदी आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा बरी असते. परतल्यावर जो लेख होईल त्याची नेपाळी प्रत ज्या गावाविषयी तो आहे त्या गावच्या शाळेत गेली पाहिजे, आणि तेथून आलेला अभिप्राय हाती आल्याखेरीज गुण देऊ नयेत. पोस्टकार्ड रस्त्यात सापडण्याची वाट कशाला पाहावयाची?

राहिला पैशाचा भाग. विद्यार्थी जे शुल्क भरतो त्यातील किती विमान कंपनीला, किती आयोजकांना, किती आपल्याच प्राध्यापकांच्या प्रवासाला आणि किती यजमान गावात खर्च झाले, असा चार रकान्यांचा एक तक्ता प्रत्येक सहलीच्या जाहिरातीत शुल्काच्या आकड्याखालीच छापला जावा. तो छापण्यास कोणत्या विद्यापीठाची कोणती हरकत आहे, हे निदान त्या हरकतीवरून तरी कळेल.