खंडाने द्यायचं की वाट्याने? लेखकांच्या संपातून शिकायचा धंदा



किंमत कशी ठरवायची, या व्हिडिओत मी हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाबद्दल दोन वाक्यं बोललो होतो. आज तो विषय नीट घेऊ. तुम्ही म्हणाल, आपण भाज्यात बसून होमस्टे, चिक्की, मसाले, टेंटचा धंदा करणारी माणसं, आपल्याला हॉलिवूडचं काय? वाचा, मग ठरवा.

२ मे २०२३ ला अमेरिकेतल्या सिनेमा-मालिकांच्या लेखकांनी काम बंद केलं. संप १४८ दिवस चालला. पूर्वी मालिका टीव्हीवर पुन्हा लागली की लेखकाला पुन्हा पैसे मिळायचे. ओटीटी आल्यावर तो वाटा आटला. शिवाय मालिका किती जणांनी पाहिली, हा आकडा कंपनीकडेच. तिथल्या लोकांचा कौल लेखकांकडे होता. गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के लोक लेखकांच्या बाजूने होते.

आपल्याकडे हा किस्सा सांगितला की मात्र तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. एकेक घेऊ.

१. "एकदा पैसे घेतले ना? मग परत कसले मागता?"

हे वाक्य नवीन नाही. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी मागणी केली की रेकॉर्ड विकल्या जातात तोवर गायकालाही वाटा मिळावा. मोहम्मद रफींचं मत उलट होतं: गाण्याचे पैसे मिळाले, व्यवहार संपला. या वादात दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. दोघंही मोठी माणसं, त्यामुळे कोण चांगलं, कोण लोभी असा हा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की तुम्ही विकलं काय? तुमचा त्या दिवसाचा वेळ, की त्या वस्तूचा पुढचा सगळा वापर? गवंड्याने भिंत बांधली, मजुरी घेतली, विषय संपला. पण गाणं किंवा कथा एकदा केली की हजार वेळा विकली जाते. तिचा भाव भिंतीसारखा ठरवता येत नाही.

२. "सिनेमा पडला तर लेखक पैसे परत देतो का?"

हा प्रश्न चांगला आहे. निर्माता घर गहाण ठेवून पैसे उभे करतो, जोखीम त्याची असते. पण उत्तर आपल्या मावळातच आहे. भाताचं खाचर दुसऱ्याला कसायला कसं देतात? एक तर खंडाने: ठरलेली रक्कम, पीक येवो न येवो. नाही तर अर्धेलीने: इंद्रायणी चांगली पिकली तर दोघांना, पावसाने आडवी झाली तर दोघांचंही नुकसान.

रॉयल्टी म्हणजे अर्धेली. सिनेमा पडला तर रॉयल्टीही शून्य. म्हणजे वाटा मागणारा माणूस जोखमीतही वाटा घेतो. हॉलिवूडचा लेखक थोडा खंड आणि थोडी अर्धेली मागतो, एवढंच.

३. "परवडत नसेल तर दुसरं काम करा."

हे वाक्य बोलणाऱ्याला मी एकच विचारतो: तुमच्या होमस्टेचा दर एखाद्या बुकिंग कंपनीने परस्पर पाडला, तर तुम्ही हेच उत्तर ऐकून घ्याल का? एकटा माणूस बोलला की "तू नाही तर दुसरा" हे ठरलेलंच. म्हणून तर संघटना लागते. मुंबईतही ऑक्टोबर २००८ मध्ये सिनेमा-मालिकांच्या कामगार संघटनांनी थकलेले पैसे आणि कामाच्या तासांसाठी काम बंद केलं होतं.

आपल्या देशात रॉयल्टीची लढाई जास्त करून कोर्टात आणि संसदेत झाली. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सिनेमासाठी करून घेतलेल्या गाण्यांचे हक्क निर्मात्याकडे गेले. ते चित्र बदललं २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. आता सिनेमातल्या लेखनाचा किंवा संगीताचा वापर थिएटरबाहेर झाला, तर रॉयल्टीत लेखक-संगीतकाराचा समान वाटा आहे, आणि तो हक्क करारात सही करून सोडूनही देता येत नाही. कायदा झाला, पण प्रत्यक्ष पैसे हातात पडायला हिशेब दिसावा लागतो.

आता आपल्या धंद्याचं गणित

समजा, तुम्ही लोणावळ्यातल्या एका दुकानाला चिक्कीची नवी रेसिपी आणि बॉक्सचं डिझाइन करून देताय. दोन पर्याय आहेत:

- खंड: एकदाच १०,००० रुपये.
- खंड अधिक वाटा: आधी ४,००० आणि प्रत्येक बॉक्समागे २ रुपये.

३,००० बॉक्स खपले की दोन्ही सारखे. ५०० वरच थांबले तर तुम्हाला ५,०००च मिळाले, तुमचा तोटा. १०,००० खपले तर २४,०००. म्हणजे वाटा नेहमीच फायद्याचा नाही. माल चालेल असा विश्वास असेल आणि काही महिने थांबायची ताकद असेल, तरच वाटा मागा. घरात उद्याचा किराणा अडला असेल तर खंड घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पण वाटा घेतलात तर बॉक्स किती खपले हे मोजणार कोण? अमेरिकेतल्या लेखकांनी नेमका हाच मुद्दा धरला. सप्टेंबर २०२३ च्या करारात ओटीटी कंपन्यांनी पाहिल्या गेलेल्या तासांचा आकडा संघटनेला गोपनीयपणे द्यायचं मान्य केलं, आणि जास्त चाललेल्या मालिकांवर बोनसही ठरला. हिशेब बघायचा हक्क नसेल तर वाटा कागदावरच राहतो.

म्हणून व्यवहाराआधी चार गोष्टी लिहून घ्या:

- काम कुठे वापरणार? फक्त दुकानात, की ऑनलाइनही?
- किती वर्षं? हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिलीच नाही, तर कॉपीराइट कायदा साधारण ५ वर्षं धरतो. क्षेत्र लिहिलं नाही तर भारत धरतो.
- वाटा असेल तर दर तीन महिन्यांनी हिशेब कोण दाखवणार?
- तुमचं नाव कुठे येणार?

रक्कम मोठी असेल तर वकिलाला शंभर वेळा विचारा.

आणि हेच उलट बाजूनेही लागू आहे. भाजे लेणी आणि धबधब्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी एखादा पोरगा तुमच्या होमस्टेचे फोटो काढून देतो. तेच फोटो तुम्ही बोर्डावर, पॅम्प्लेटवर, मित्राच्या रिसॉर्टच्या जाहिरातीतही लावता, आणि त्याने विचारलं की म्हणता, "तुला पैसे दिले होते ना?" असं म्हणणारा निर्माता आपल्याला पडद्यावर खलनायक वाटतो. दुकानात तो आपणच असतो.

माझं मत स्पष्ट आहे: लेखकांची मागणी हा साधा व्यवहार आहे, भीक किंवा हावरटपणा नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या धंद्यातली अशी एक गोष्ट शोधा जी एकदा केली आणि पुन्हा पुन्हा वापरली जाते. तिचा भाव तुम्ही खंडाने लावलाय की वाट्याने, ते वहीत लिहा. शनिवारच्या वर्गाला येताना वही सोबत आणा.