मशीनला चार हजार, पायाला शून्य

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या परड्यात, बागेत, डोंगरात यंदा झाडं तोडायची आहेत त्यांनी वेळ काढून वाचा. आणि कटरवाल्या पोरांपर्यंत पोचवा. ती फेसबुकवर असतात, फक्त आमच्यासारख्यांच्या पोस्ट वाचत नाहीत.

मागच्या महिन्यात रस्त्याच्या बातमीसाठी एका गावात गेलो होतो. येताना ओळखीच्या घरी चहाला थांबलो. घरातला पोरगा, पस्तिशीचा, ओटीवर बसलेला. डावा पाय स्टुलावर, मांडीला जाड पट्टी. टाके किती पडले विचारलं, तर म्हणाला, "मोजूक नाय." आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्या साफ करत होता. फांदी अंदाजापेक्षा लवकर तुटली, मशीन तसंच खाली आलं ते मांडीवर. "कटर नवीन सेट केललो. खूप फास्ट चलता," हे त्याने असं सांगितलं की जणू मशीनचं कौतुकच करतोय.

अंगात काय होतं? हाफ पँट. पायात? स्लीपर.

मशीन ठेकेदाराचं. महागडं, नवीन, कॉम्प्युटरवालं. ठेकेदाराने ते घेतल्यावर पंधरा दिवसांत मेकॅनिककडून 'ओपन' करून घेतलं. खर्च चार हजार. मांडीचा खर्च पोराने स्वतः केला, बायकोचं मंगळसूत्र सोसायटीत ठेवून.

मॉडिफिकेशनमुळेच पाय कापला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. साध्या कटरनेही पाय कापतात. पण लाकूड संपलं हे हाताला कळायच्या आत चेन पार होते, तेव्हा चूक सुधारायला मिळणारा क्षण आपण स्वतःच पैसे देऊन कमी करून घेतलेला असतो. एवढं तर पटतंय?

आता हे 'ओपन करणं' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण यात बरंच अज्ञान आहे.

जुन्या कटरला कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. मुरलेला मेकॅनिक आवाज ऐकून ते फिरवतो. पेट्रोल कमी पडलं की मशीन किंचाळतं, तापतं आणि पिस्टन धरतो. नवीन मशीनमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. स्टिलचं एम-ट्रॉनिक, हुस्क्वार्नाचं ऑटोट्यून, नावं वेगळी, कल्पना तीच. इंजिन किती फिरतंय ते बघून एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह पेट्रोल कमीजास्त करतो. हवा गरम असो, फिल्टरमध्ये भुसा अडकलेला असो, तो आपला जुळवून घेतो. म्हणजे जुना मेकॅनिक जी 'पॉवर काढून' द्यायचा, ती या मशीनमध्ये कंपनीतूनच काढलेली येते.

मग हे लोक काय करतात? स्क्रू नाही म्हटल्यावर हात घालतात सायलेन्सरला. तोंड मोठं करतात, आतली जाळी काढून फेकतात. जरा जास्त शिकलेला असेल तर सिलिंडर खालचं गॅस्केट काढतो, पोर्ट घासतो. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ आहेतच. थोडी पॉवर वाढते, खोटं कशाला बोला. पण गंमत पुढे आहे. हवा जास्त जाऊ लागली की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. मेकॅनिकला वाटतं, वा, मशीनने घेतलं! पण त्या व्हॉल्व्हलाही मर्यादा आहे. ती संपली की मिश्रण पातळ पडतं. जुनं मशीन बिघडताना ओरडून सांगायचं. हे मशीन बराच काळ झाकून नेतं, आणि मग एके दिवशी भर उन्हात ठप्प होतं. लाखाच्या घरातलं मशीन पेटीत घालून परत आणलेलं मी पाहिलंय.

आणि ती जाळी! मंडळी, ती जाळी शोभेची नाही. सायलेन्सरमधून जळत्या काजळीचे कण बाहेर उडतात ते अडवायला ती असते. आपल्याकडे तोड कधी चालते? दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत. तेव्हा डोंगरातलं गवत कसं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबा-काजूच्या बागा वणव्यात जातात आणि आपण म्हणतो, कुणीतरी विडी टाकली. सगळ्या वणव्यांचं खापर कटरवर फोडत नाही. पण जाळी काढलेलं, तोंड मोठं केलेलं मशीन सुक्या गवतात टेकवून ठेवणं आणि पेटती काडी टाकणं यात फार अंतर नाही. बारा वर्षं जपलेलं काजूचं कलम तासाभरात जातं. जाळी काजळीने चोंदते म्हणून पॉवर कमी होते, हे खरं. मग ती काढून घासा, नवीन टाका. फेकता कशाला?

मी हे एका मेकॅनिकला विचारलं. चांगला कारागीर आहे, माझ्यापेक्षा वयाने लहान. तो हसला आणि म्हणाला, "दादानू, टनार पैशे गावतत, तासार नाय."

बस. सगळा विषय या एका वाक्यात आहे.

तोडणाऱ्याला टनावर पैसे. ठेकेदाराने उभं जंगल घेतलेलं असतं, ट्रक ठरलेला असतो, पाऊस जवळ आलेला असतो. जितकं जास्त कापाल तितकं मिळेल. मशीन दहा टक्के जोरात चाललं तर दहा टक्के जास्त कमाई, असा हिशोब. पॉवरची भूक मशीनला नाही, ती या दराला आहे. आणि त्या भुकेचं बिल मात्र कापणाऱ्याच्या अंगावर फाटतं.

बरं, हा हिशोब तरी बरोबर आहे का? नाही. जंगलात उभं राहून बघा. कटरमधून काय बाहेर पडतंय? जाड, लांबट ढलप्या पडत असतील तर चेनला धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे, मग वर कितीही पॉवरचं इंजिन लावा. मी मुद्दाम तीन ठिकाणी पाहिलं. तिन्ही ठिकाणी पीठ. गोल कानस पन्नास-शंभर रुपयांची. दर टाकीला पाच मिनिटं दात घासले तर जो फरक पडतो, तो चार हजारांच्या मॉडिफिकेशनने पडत नाही. आपले आजे करवत पाजळल्याशिवाय जंगलात जायचे नाहीत. ते येडे होते काय?

"अमेरिकेत सगळे करतात," हा दुसरा युक्तिवाद. करतात ना. तिथे लाकूड कापायच्या स्पर्धा होतात, त्यात 'हॉट सॉ' नावाचा प्रकार आहे. घरी बनवलेली राक्षसी मशीनं आणि काही सेकंदांत तीन चकत्या. पण तो खेळ आहे. लाकूड घट्ट बांधलेलं, जमीन सपाट, पायाला संरक्षण, बाजूला माणसं. उतारावर, वेलींच्या जाळीत, रोज सहा-सात तास काम करणाऱ्या आपल्या पोराचा त्या खेळाशी काय संबंध?

पायाच्या संरक्षणावरून आठवलं. चेनसॉसाठी खास पँट आणि चॅप्स मिळतात. आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन मशीनच्या दातेरी चाकात गुंततात आणि चेन जागीच थांबते. या कपड्यांचे वर्ग ठरलेले आहेत: पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर चेनच्या वेगापर्यंत, दुसरा २४, तिसरा २८. म्हणजे तुम्ही मशीन 'ओपन' करून चेनचा वेग वाढवता तेव्हा ज्याच्या अंगात अशी पँट आहे त्याचंही संरक्षण कमी करता. आणि ज्याच्या अंगात हाफ पँट आहे त्याचं काय, ते ओटीवर बघून आलो.

कानाचं बोलू. कारखान्यातल्या कामगाराला ९० डेसिबलमध्ये ८ तास आणि १०० डेसिबलमध्ये २ तास, अशी मर्यादा आपल्याकडच्या नियमांत आहे. कटरचा आवाज कानाशी १०० च्या वरच असतो, तोही सायलेन्सर शाबूत असताना. सायलेन्सर फोडल्यावर किती? आणि किती तास? चाळिशीतच हाका ऐकू न येणारे कटरवाले आपल्या ओळखीत आहेत. आपण त्यांची चेष्टा करतो.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार कंपन्यांची वकिली करतोय. कंपन्या काही साधू नाहीत. कॉम्प्युटरवालं मशीन बिघडलं की तपासायचं सॉफ्टवेअर फक्त त्यांच्या डीलरकडे. तालुक्याचा मेकॅनिक वीस वर्षं हात काळे करून बसलाय, त्याला साधा फॉल्ट बघता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारंही धरली. दुरुस्तीचा हक्क मिळालाच पाहिजे, त्यासाठी भांडायला मी पुढे आहे. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे जाळी आणि ब्रेक काढायचा हक्क नव्हे. "माझं मशीन, माझा पैसा" हे ठेकेदार म्हणतो तेव्हा एवढंच विचारा: मशीन तुझं, पैसा तुझा, मग पाय कोणाचा?

कटर वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेल्यावर रस्त्यांवरची झाडं कोणी बाजूला केली? सरकारी यंत्रणा पोचायच्या आधी याच पोरांनी, याच कटरने. तेव्हा त्यांचे फोटो आम्ही पहिल्या पानावर छापले. आज त्यातलाच एक ओटीवर बसलाय, तर त्याची दोन ओळींचीही बातमी झाली नाही. यात मीही आलो.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती आपल्या सगळ्यांकडे आहे.

झाडं विकणाऱ्या मालकांनो, दर ठरवताना एक अट घाला: जाळी नसलेलं मशीन माझ्या बागेत येणार नाही, चॅप्स आणि बूट नसलेला माणूस कापणार नाही. बाग तुमची, वणवा लागला तर नुकसान तुमचं.

मेकॅनिक बंधूंनो, पोट तुमचंही आहे, मान्य. पण चेन घासायचे पैसे घ्या, जाळी साफ करायचे घ्या. हातासमोरचा ब्रेक 'मधे येतो' म्हणून काढून द्यायला सरळ नाही म्हणा.

ठेकेदारांनो, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडं तोडणाऱ्यांचं काम नाव घेऊन लिहिलेलं होतं, इंग्रजांच्या काळापासून. 'तो रोजंदारीवर होता, माझा माणूस नव्हता' हे उत्तर प्रत्येक वेळी चालेलच असं समजू नका. त्या पोराचे कागद आम्ही दोघं-तिघं मिळून करतोय. कोणाला मदत करायची असेल तर इनबॉक्समध्ये या.

आणि कटरवाल्या पोरांनो, तुमच्या मशीनच्या आवाजावरून गावात तुम्हाला ओळखतात याचा अभिमान वाटतो, मला माहीत आहे. पण आज संध्याकाळी घरी गेल्यावर कानस काढा आणि चेनचे दात घासा. उद्या ढलप्या पडल्या तर मला फोटो पाठवा. तो मी टाकेन, नाव घालून.