रुखवत खाता आले पाहिजे

तुळशीची लग्ने लागली की आपल्या धंद्याचे वर्ष सुरू होते. कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, आचाऱ्यांना विसार जातो, मंडपवाल्यांची गोदामे उघडतात. या हंगामाच्या तोंडावर केटरर आणि डेकोरेटर या दोघांशी एकत्र बोलायचे आहे, कारण दोघे एकाच मांडवात राबतात आणि बहुतेक वेळा एकमेकांचा नकाशा पाहिलेला नसतो. यजमान दोन वेगळी कोटेशन घेतो, दोन वेगळ्या दिवशी ॲडव्हान्स देतो, आणि गोडाचे काउंटर शेवटी जनरेटरजवळच्या उरलेल्या जागेत जाते.

सजावट आणि मिष्टान्न जिथे एकत्र नांदत होते ती जागा आपल्या लग्नात होतीच. ती म्हणजे रुखवत. गुलाबी काठाचे चिरोटे, खसखस लावलेले अनारसे, मुरड घातलेल्या करंज्या, परातभर लाडू, रंगीत कुरडया, गव्हले, मालत्या, बोटवे. वधूकडच्या बायका महिनाभर आधीपासून हे करत आणि मांडण्यातही आपली नजर पणाला लावत. आज त्या टेबलावर थर्माकोलचा वाडा आणि प्लास्टिकच्या मोत्यांची पालखी भाड्याने येते. लाडू असलेच तर सेलोफेनमध्ये आवळलेले. रिसेप्शनला येणाऱ्या उंच केकचेही तेच: कापण्यापुरता एखादा थर खरा आणि बाकीचे अनेकदा नुसते ठोकळे. पाहुण्याला भूक लागलेली असताना त्याच्यासमोर खोटे अन्न मांडणे आम्हाला मनापासून खटकते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली. १ जुलै २०२२पासून देशभर लागू झालेल्या एकल वापर प्लास्टिकबंदीच्या यादीतही सजावटीचा थर्माकोल आहे. तेव्हा ‘गिऱ्हाईक मागते’ एवढ्यावर भागणार नाही.

मग मांडायचे काय? चिरोट्यांचा मनोरा करून पाहा. बुरुडाकडून दोन-अडीच फुटी, उघड्या विणीचा बांबूचा शंकू करून घ्या. कूस राहणार नाही असा घासून, धुऊन, उन्हात वाळवा. चिरोट्याची कड विणीच्या खाचेत बसते. गोळीबंद पाकाचा ठिपका फक्त आधाराला. साट्यात तांदळाचे पीठ आणि तूप नीट फेसलेले असेल आणि तळणी मंद असेल तर पदर पाकळ्यांसारखे सुटतात, मग वेगळ्या फुलांची गरजच उरत नाही. पिठीसाखर मात्र टेबलावर आल्यावरच भुरभुरवा. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत ती आधी घातली तर तासाभरात पाणी सुटून चिरोटा मऊ पडतो.

अनारसा तर आपल्या धंद्यासाठीच घडवला असावा असा पदार्थ आहे. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलत भिजवायचे, निथळून सावलीत सुकवायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळे डब्यात मुरत ठेवायचे. म्हणजे सगळे कष्ट लग्नाच्या कितीतरी आधी उरकतात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी फक्त थापणे-तळणे उरते. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवत तळलेल्या अनारशाची जाळी पितळी परातीत एवढी देखणी दिसते की त्यावर वर्ख लावू नये. भाव परवडावा म्हणून बाजारातले संशयास्पद वर्ख आणि ‘विषारी नाही’ एवढेच लिहिलेली चमकी घेऊन तर मुळीच लावू नये. विषारी नाही म्हणून ती चमकी खाण्याजोगी ठरत नाही.

काही गोड पदार्थ करतानाच पाहण्यासारखे असतात. खानदेशात उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजणाऱ्या बायकांचे हात पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको: पोळी मनगटावरून कोपरापर्यंत झेलत वाढत जाते आणि खापरावर अलगद उतरते. लाइव्ह काउंटर म्हणून याला जोड नाही. पण या बायकांना कोपऱ्यात, सिंथेटिक झालरींच्या खाली, चुलीच्या धुरात बसवणारे मांडव आपणच उभे करतो. डेकोरेटरने चुलीवर पत्र्याची सावली धरावी, कापड लांब ठेवावे, वाऱ्याची दिशा पाहावी आणि स्टेजइतकाच चांगला प्रकाश तिथे द्यावा. केटररने त्यांना पाळ्यांनी विसावा द्यावा, आणि मजुरी मदतनिसाची न देता कारागिराची द्यावी.

दोघांनी आधी बोलण्याचे आणखी एक कारण वैशाखातल्या लग्नांत दिसते. हापूसच्या लाकडी पेट्या पेंढ्यासकट मांडवाच्या तोंडाशी रचण्याची कल्पना उत्तमच आहे. त्या वासासारखे स्वागत दुसरे नाही. मात्र पिकता आंबा इथिलीन वायू सोडतो, आणि कार्नेशन व ऑर्किड त्याने लवकर माना टाकतात. पिकत्या केळ्यांच्या घडाचेही तसेच. महागडी फुलांची कमान आणि आंब्याच्या पेट्या बंद हॉलमध्ये शेजारी ठेवल्या की नुकसान फुलवाल्याचे. पेट्या उघड्या, वाहत्या हवेत ठेवा, किंवा त्या भागात फुलांऐवजी आंब्याचे डहाळे, केळीचे खांब आणि बुरडी सुपे-टोपल्या वापरा. फ्रीजमधली फुले आणि आंबे तर एका खोलीत नकोतच.

फुले अन्नाजवळ आणताना दुसरी काळजी. बाजारातला गुलाब फवारणी केलेला असतो. तो बासुंदीवर किंवा केकवर ठेवायचा नसतो. पाकळ्या हव्याच असतील तर फवारणी न केलेला गावठी गुलाब खात्रीच्या शेतकऱ्याकडून घ्या. आणि फुले खोचायचा तो हिरवा फोम टेबलावरून हटवा. १९५४मध्ये अमेरिकेत आलेली ही सोय प्लास्टिकच आहे. तिचा चुरा मातीत, पाण्यात तसाच राहतो. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोसह आपल्या सर्व प्रदर्शनांत रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पाण्याचा गडू, ओली माती, केळीच्या खुंटाचे काप हे सगळे हाताशी आहे. गुलछडी आणि झेंडू केळीच्या खुंटात छान उभे राहतात.

गोडाची संख्या कमी करा, ही आमची जुनी मागणी पुन्हा मांडतो. आठ-दहा प्रकारांच्या काउंटरवर पाहुणा प्रत्येकाचा अर्धा घास घेतो आणि उरलेले पत्रावळीबरोबर जाते. तीन पुरेत: एक ताटातला, म्हणजे जिलबी-मठ्ठा किंवा आमरस, एक समोर होणारा, आणि एक रुखवतातला, जाताना हातात देता येईल असा. श्रीखंड-बासुंदीसारखे दुधाचे पदार्थ ५ अंशांच्या आत ठेवण्याची सोय नसेल तर उघड्या लॉनवरच्या मे महिन्यातल्या लग्नात ते घेऊच नका, यजमान कितीही म्हणोत.

रुखवतातले वाटण्याच्या बाबतीत गोव्याकडे पाहता येईल. तिथल्या ख्रिस्ती लग्नांत नवरी सासरी जाताना वोजें घेऊन जाते. त्यात हरभऱ्याची डाळ आणि नारळ घालून केलेला दोस असतो, बोल नावाचे गोड पदार्थ असतात, केळी असतात, आणि हे सगळे सासरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून खाल्ले जाते. आपल्या रुखवतातले अनारसे-चिरोटेही सूर्य मावळायच्या आत पाहुण्यांच्या हाती पडावेत. कार्यालयाच्या दाराशी पळसाच्या द्रोणांची चळत ठेवून एक माणूस उभा केला की हे जमते.

यासाठी आमची सूचना साधी आहे. यजमानाकडे पहिल्या बैठकीला केटरर आणि डेकोरेटर दोघांनी एकत्र जावे आणि एकच नकाशा काढावा. त्यावर चूल, बर्फाची पेटी, फुलांची कमान, रुखवत आणि पाण्याचे पिंप या सगळ्यांच्या जागा असाव्यात. रुखवताचे काम गावातल्या बचत गटाला द्यावे, कोटेशनमध्ये त्याची स्वतंत्र ओळ टाकावी आणि ॲडव्हान्स त्यांनाही द्यावा. अनारशाच्या तांदळाचे आणि तुपाचे पैसे त्यांनी खिशातून का घालावेत? असे एकत्र काम केलेल्या जोड्यांचे नकाशे, दर आणि फोटो आम्ही पुढच्या अंकांतून छापणार आहोत. पौष संपण्यापूर्वी पाठवा, म्हणजे माघातल्या मुहूर्तांना इतरांच्या उपयोगी पडतील.