विश्लेषण : दुकानाला कुलूप आहे, संगणकाला का नाही? जालन्यातील लहान उद्योगांपुढचा प्रश्न

जालन्याच्या मोंढ्यात किंवा औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी शटर खाली आले की मालक कुलूप दोनदा ओढून पाहतो. गल्ल्याची किल्ली घरी नेतो. ज्या संगणकात वर्षभराची उधारी, जीएसटीची बिले आणि शेतकऱ्यांचे आधार क्रमांक असतात, त्याचा पासवर्ड मात्र पुष्कळदा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. ‘आपल्या एवढ्याशा धंद्यात कोण चोरी करणार,’ हा त्यामागचा समज. तो चुकीचा का आहे आणि तो सोडल्यास चोरी टळण्याबरोबर रोजचे कामही सुटसुटीत कसे होते, याचा हा आढावा.

जालन्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

‘जालना, सोने का पालना’ असे या शहराचे वर्णन जुन्या काळापासून केले जाते. आज जिल्ह्याची ओळख आहे ती लोखंडी सळई आणि बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको कंपनीची स्थापना येथेच केली. त्यानंतर बियाणे उद्योग वाढत गेला. भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या कारखान्यांमुळे पोलाद उद्योगातही जालन्याचे नाव झाले. मोसंबीचा व्यापार आहेच.

परंतु मोठ्या नावांभोवती लहान धंद्यांचे जाळे असते. भंगार पुरवठादार, वाहतूकदार, वजनकाटे, सुटे भाग बनवणारी वर्कशॉप, जिनिंग, आडत दुकाने, अंबड, भोकरदन, परतूर, मंठ्यातील कृषी सेवा केंद्रे, या सगळ्यांचा हिशेब लिहिणारी करसल्लागारांची कार्यालये. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म, तर १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला लघु ठरतो. म्हणजे यातील बहुतेक धंदे याच दोन गटांत बसतात. त्यांच्याकडे संगणक विभाग नसतो. असतो तो एक हिशेबनीस, दोन जुने संगणक आणि अडचण आली की फोनवर बोलावला जाणारा ‘कॉम्प्युटरवाला’.

संगणक बंद पडला की धंदा का थांबतो?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी संगणक बंद पडला तर हाताने बिल फाडून माल रवाना करता येत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ही सोय संपत गेली. वार्षिक उलाढाल पाच कोटींपेक्षा अधिक असलेल्या व्यावसायिकांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकताना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. सरकारी पोर्टलवरून क्रमांक आणि क्यूआर कोड मिळाल्याशिवाय ते बिल वैध धरले जात नाही. ठरावीक रकमेवरील मालासोबत ई-वे बिल लागते. ते नसेल तर ट्रक रस्त्यात अडवला जाऊ शकतो. अनुदानित खताची विक्रीही आता पॉस मशिनवर, शेतकऱ्याची ओळख पटवूनच होते.

म्हणजे संगणक, इंटरनेट आणि लॉगिन हे आता कारखान्याच्या विजेसारखे झाले आहेत. ते गेले की सळईने भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो, ड्रायव्हरचा भत्ता आणि गाडीचे भाडे चढत जाते. म्हणून सायबर सुरक्षेकडे फक्त ‘चोरीपासून बचाव’ म्हणून पाहणे अपुरे आहे. काम सुरू राहण्याची ती पहिली अट आहे.

धोका कुठून येतो?

चित्रपटातल्यासारखा कोणी हुशार हॅकर जालन्यातले एखादे दुकान हेरून बसलेला नसतो. फसवे संदेश लाखोंना एकदम पाठवले जातात. जो अडकतो तो सापडतो. त्यामुळे धंदा लहान असणे हे संरक्षण ठरत नाही.

पहिला मार्ग मोबाइलचा. ‘वाहनाचे चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘बँक केवायसी’ अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनमधील एसएमएस, त्यात आलेल्या ओटीपीसह, भामट्याच्या हाती जातात. ज्या फोनवर बँकेचे आणि जीएसटीचे ओटीपी येतात, तोच फोन घरात मुलांच्या खेळण्यासाठीही असेल तर धोका दुप्पट.

दुसरा मार्ग बदललेल्या खाते क्रमांकाचा. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल किंवा संदेश येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या खात्यावर पैसे पाठवा.’ बिल खरे, रक्कम खरी, फक्त खाते दुसऱ्याचे. मोठ्या रकमा नियमित पाठवणाऱ्या पोलाद आणि बियाणे व्यवसायाला ही फसवणूक सर्वांत महागात पडू शकते.

तिसरा मार्ग रॅन्समवेअरचा. संगणकातील सगळ्या फाइल कुलूपबंद होतात आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाते. चोरीच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून, अनोळखी पेन ड्राइव्हमधून किंवा दुरुस्तीसाठी घेतलेला आणि नंतर तसाच उघडा राहिलेला रिमोट अ‍ॅपचा रस्ता वापरून हा शिरकाव होतो.

चौथा मार्ग आतला. काम सोडून गेलेल्या माणसाकडे मेल, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि पोर्टलचे पासवर्ड राहतात. त्याचा हेतू वाईट नसला तरी दार उघडेच असते.

आधीच्या घटना काय सांगतात?

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेब आणि करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विषाणू पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प झाली. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. याच बंदराशी जोडणारा ड्राय पोर्ट जालन्याजवळ उभा राहत आहे, हे लक्षात घेतले तर युक्रेन आणि मराठवाडा यांतील अंतर वाटते तितके नाही.

त्या घटनेतील एक तपशील लहान उद्योजकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मर्स्कच्या जाळ्याची मूळ माहिती सांभाळणारे जवळजवळ सर्व सर्व्हर नष्ट झाले. वाचला तो आफ्रिकेतील घानाच्या कार्यालयातील एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. कोट्यवधी डॉलरची कंपनी पुन्हा उभी राहिली ती वीज गेल्यामुळे वाचलेल्या एका प्रतीवरून. जाळ्याला न जोडलेली प्रत म्हणजे काय, हे याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

महाराष्ट्राजवळचे उदाहरण ऑगस्ट २०१८ मधले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. तर ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्यानंतर देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे डिजिटल व्यवहार काही काळ थांबवावे लागले. यात मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. खातेदाराची काहीच चूक नव्हती, तरी त्याचे व्यवहार अडले. व्यापाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. सगळे व्यवहार एकाच बँकेच्या एकाच खात्यावर, एकाच अ‍ॅपवर अवलंबून ठेवू नयेत.

सुरक्षा वाढवली तर काम मंदावते का?

हा आक्षेप खोटा नाही. जून महिन्यात पाऊस पडल्यावर कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते तेव्हा प्रत्येक जादा पायरी नकोशी वाटते. तरीही कोणत्या पायऱ्या खरोखर वेळ खातात, हे पाहायला हवे.

ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना द्विस्तरीय पडताळणी लागू झाली आहे. पासवर्डनंतर ओटीपी लागतो. जिथे सगळे काम मालकाच्या एकाच लॉगिनवर चालते, तिथे हा ओटीपी मालकाच्या फोनवर येतो. मालक लग्नाला गेलेला, फोन लागत नाही, ट्रक उभा. शेवटी फोनवर ओटीपी सांगितला जातो आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा नियम दुकानातच रोज मोडला जातो. पुढे भामट्याने मागितला तरी तो सहज दिला जातो, कारण सवयच तशी लागलेली असते.

उपाय त्याच पोर्टलवर आहे. हिशेबनिसासाठी स्वतंत्र उपवापरकर्ता तयार करता येतो. त्याचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो आणि त्याला हवे तेवढेच अधिकार देता येतात. मालकाची फोनाफोनी संपते, ट्रक वेळेवर सुटतो, आणि कोणते बिल कोणी काढले याची नोंद राहते. माणूस काम सोडून गेला की त्याचे एक खाते बंद केले, की विषय संपतो. सुरक्षा आणि वेग यांत भांडण नसते, भांडण असते ते एकाच किल्लीवर सगळा वाडा चालवण्याच्या सवयीशी.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही तेच. तिघे एकाच नावाने काम करत असतील तर नोंद कोणी बदलली, हे शोधण्यात दिवस जातो आणि संशय मात्र सगळ्यांवर येतो. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. भागीदारी संस्था किंवा एकट्याच्या मालकीच्या दुकानांना ही सक्ती नाही. पण प्रत्येकाला वेगळे लॉगिन दिले तर प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही संरक्षण मिळते.

कमी खर्चात काय करता येईल?

सर्वांत आधी बॅकअप. हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातील एक दुकानाबाहेर, असा साधा नियम जगभर पाळला जातो. दोन बाह्य हार्ड डिस्क आलटून पालटून वापरल्या आणि एक नेहमी घरी राहिली तरी काम भागते. डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करते. घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वठवलेला धनादेश.

दुसरे, फोन करून खात्री. कोणत्याही पुरवठादाराचे खाते बदलल्याचा संदेश आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करायचा, संदेशात दिलेल्या क्रमांकावर नाही. मोठ्या रकमेसाठी एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे, ही सोय चालू खात्यांसाठी अनेक बँका देतात. गल्ल्यावर ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नये. साउंडबॉक्सचा आवाज किंवा स्वतःच्या अ‍ॅपमधील जमा नोंद हाच पुरावा.

तिसरे, जुने संगणक. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले आणि विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सर्व संगणक एकदम बदलणे परवडत नसेल तर बँक आणि जीएसटीचे काम होणारा एक तरी अद्ययावत ठेवावा आणि त्यावर दुसरे काहीही करू नये.

हे सगळे ऐन हंगामात होणार नाही. बियाणे विक्रेत्यांनी ते एप्रिलमध्येच उरकलेले बरे.

फसवणूक झालीच तर?

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि लगेच बँकेला. चोरलेले पैसे काही तासांत अनेक खात्यांतून फिरवले जातात. त्याआधी तक्रार पोहोचली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, कळवल्यानंतरचे बँकेला. म्हणून ‘लोक काय म्हणतील’ या संकोचात घालवलेली रात्र महागात पडते. संगणकावर खंडणीचा संदेश दिसला तर आधी इंटरनेटची तार काढावी आणि घाईने फॉरमॅट करू नये. पुरावाही जातो आणि माहिती परत मिळण्याची आशाही.

जबाबदारी एकट्या मालकाची आहे का?

नाही. शेतकऱ्यांचे आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो रोज व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानांत येतात आणि तिथेच पडून राहतात. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास दीड वर्षाचा अवधी आहे. हा अवधी जालन्यातील किती दुकानदारांपर्यंत पोहोचवला जातो, यावर कायद्याचे यश ठरेल. सरकारने नवी पोर्टल आणली, पण ती वापरायला शिकवण्याचे काम करसल्लागार आणि ‘कॉम्प्युटरवाल्या’वर सोडले.

जिल्हा उद्योग केंद्र, व्यापारी महासंघ आणि बँकांनी मिळून मराठीतून, तालुक्याच्या ठिकाणी, अर्ध्या दिवसाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेणे अवघड नाही. उपवापरकर्ता कसा तयार करायचा, बॅकअप कसा तपासायचा, १९३० वर काय सांगायचे, एवढे तीन विषय पुरेत. मोठ्या कारखान्यांनीही आपल्या लहान पुरवठादारांना यात सामावून घ्यावे. पुरवठादाराच्या मेलमध्ये शिरलेला भामटा अखेर कारखान्याचेच पैसे पळवतो.

लक्ष्मीपूजनाला आता अनेक दुकानांत चोपडीशेजारी लॅपटॉपलाही हळद-कुंकू लागते. त्याच दिवशी वर्षाचा बॅकअप उघडून पाहायचा आणि सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद करायची, एवढी रीत व्यापाऱ्यांनी त्यात जोडावी. तिला पैसे लागत नाहीत, तासभर वेळ लागतो.