खिडकीची बाजू

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड व घोरावाडी यांमधील लहानसे स्थानक. येथून लोणावळ्याकडे रोज लोकलने जाणाऱ्या प्रवाशाला एक गोष्ट न शिकवता कळते. डाव्या खिडकीशी बसल्यास मळवलीच्या आसपास लोहगड व विसापूर हे जुळे किल्ले दिसतात. त्यांच्याच बाजूला भाजे लेणी आहेत. उजव्या खिडकीतून कार्ल्याचा डोंगर दिसतो. परतीच्या प्रवासात बाजू उलटते. गाडी तीच, तिकीट तेच. फरक केवळ बाजूचा.

हाच हिशेब विमानालाही लागू पडतो. मात्र आपली व्यापारी कुटुंबे, जी दुकानाची जागा घेताना रस्ता, ऊन आणि वर्दळ बारकाईने पाहतात, ती विमानातील जागा मात्र डोळे मिटून घेतात.

प्रथम दिशा पाहावी. पुण्याहून दिल्लीला जाणारे विमान साधारणपणे उत्तरेकडे जाते. त्यामुळे पश्चिमेचा सह्याद्री डाव्या हाताला राहतो. सकाळी सूर्य पूर्वेस, म्हणजे उजवीकडे असतो. डावीकडे डोळ्यांवर ऊन येत नाही आणि डोंगरांवर मात्र उजेड पडलेला असतो. दिल्लीहून बागडोगरा वा गुवाहाटीस जाताना विमान पूर्वेकडे जाते. म्हणून हिमालय डावीकडे. येताना उजवीकडे.

दुसरे, पंख. विमानाच्या मध्यभागी बसणाऱ्यास खाली जमिनीऐवजी पंखच दिसतो. पुढील वा मागील रांग बरी. एटीआरसारख्या छोट्या विमानात मात्र पंख खिडक्यांच्या वर असतात, तेव्हा ही अडचण बरीच कमी होते. नेहमीच्या सहा आसनांच्या रांगेत 'ए' ही डावी खिडकी आणि 'एफ' ही उजवी, एवढे लक्षात ठेवले की पुरे. पावसाळ्यात ढगांपलीकडे काही दिसेलच असे नाही. तेव्हा जादा शुल्क भरण्यापूर्वी ऋतूचाही विचार करावा.

पुण्याचा लोहगाव विमानतळ वायुदलाचा आहे. तेथे छायाचित्रे घेण्यास मनाई असते, आणि कर्मचाऱ्यांनी खिडकीचा पडदा खाली करण्यास सांगितले तर तो विनातक्रार करावा. दृश्यापेक्षा शिस्त मोठी.

आता खरा प्रश्न. ही खिडकी घरातील कोणाला द्यावयाची? पुष्कळ घरांत ती नातवाला मिळते. तो थोडा वेळ बाहेर पाहतो, मग मोबाईलमध्ये गुंततो. सत्तरी ओलांडलेल्या आजी मात्र, ज्यांनी आयुष्यभर घर, दुकान आणि सणवार सांभाळले व प्रथमच विमानात पाय ठेवला, मधल्या आसनावर दोन्ही हात आवरून बसतात. त्यांना पुन्हा असा प्रवास घडेलच याची हमी कोण देणार? नातवापुढे मात्र प्रवासाची अनेक वर्षे आहेत.

जमाखर्चात एक स्तंभ किमतीचा असतो. मोलाचा स्तंभ मनात मांडावा लागतो. जागेचे शुल्क शेकड्यांत मोजता येते. आजींना आपल्याच मुलखावरून जाताना, 'तो बघा, आपला सह्याद्री' असे सांगण्याची संधी मात्र कोणत्याही काउंटरवर विकत मिळत नाही. तिकीट काढताना म्हणूनच दोन गोष्टी ठरवाव्यात: खिडकी कोणत्या बाजूची, आणि ती कोणासाठी.