टप्पा बघा, झेंडा नको

पुण्यात मी जिथे गोल्फ खेळतो, तिथल्या रेंजवर उजाडताच गर्दी होते. बादलीभर चेंडू घ्यायचे, ड्रायव्हर काढायचा आणि घाम फुटेपर्यंत हाणत सुटायचं. शेजारचं चिपिंग ग्रीन मात्र ओस. तिथे टिटव्या असतात, नाहीतर मी. माझं स्पष्ट मत आहे : हौशी खेळाडूने सरावाचा निम्मा वेळ या ओसाड तुकड्यावर घालवावा, आणि तोही बादली न नेता.

चिप म्हणजे ग्रीनच्या काठावरून मारलेला छोटा फटका. चेंडू हवेत थोडा, घरंगळत जास्त. दिसायला किरकोळच. पण जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा १८ पैकी साधारण १२ ग्रीनच ठरल्या फटक्यांत गाठतात. उरलेल्या ठिकाणी त्यांना हे छोटे फटकेच तारतात. आपण तर निम्मीही गाठत नाही. तरी खिसा मोकळा होतो तो नव्या ड्रायव्हरसाठी.

१९३८च्या अमेरिकी पीजीए अजिंक्यपदाची अंतिम लढत जरूर आठवावी. सॅम स्नीडचा ड्राइव्ह पॉल रनियनच्या कितीतरी पुढे पडायचा. रनियन चणीने लहान, ताकदीने बेताचा. ३६ होलची लढत २९व्या होललाच आटोपली, आणि जिंकला रनियन! त्याची चिप जवळजवळ पुटच होती. मनगटं जागच्या जागी, हालचाल खांद्यांची.

आमच्याकडे एक म्हातारे कॅडी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. चिप शिकवताना ते आधी वेज हातात घेऊच देत नाहीत. ‘साहेब, हाताने टाका.’ खालून अलगद चेंडू टाकायचा, कुठे टप्पा पडला, तिथून किती पळाला ते बघायचं. मग त्या टप्प्यावर रुमाल अंथरायचा आणि नेम रुमालावर. ‘टप्पा बघा, झेंडा नको.’ आठ नंबरच्या आयर्नने चेंडू एक भाग हवेत जातो आणि तीनेक भाग पळतो. सँड वेजने जवळपास निम्मं-निम्मं. पावसाळ्यात ओल्या ग्रीनवर हा हिशेब कोलमडतो, तेव्हा रुमाल पुढे सरकवायचा. वजन डाव्या पायावर, चेंडू जरा उजवीकडे. चेंडू उचलायचं काम वेजच्या तिरक्या पात्याचं, आपल्या मनगटाचं नव्हे.

आता बादलीवरचा माझा राग. एकाच जागेवरून दहा चिप मारल्या की अकरावी बरी जातेच. आधीच्या दहांनी सगळं सांगून ठेवलेलं असतं. खेळात अशी सवलत कुणी देत नाही. म्हणून एकच चेंडू घ्यावा. कधी दाट गवतात, कधी उतारावर टाकावा, चिप मारावी आणि पुटर घेऊन तो होलमध्ये घालूनच पुढच्या जागेवर जावं. दोन फटके लागले की तीन, हे कार्डावर लिहावं. अगदी नवशिक्याला सुरुवातीला बादली लागते, मान्य. पण वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांना कशाला?

क्लबच्या कमिट्यांकडेही एक मागणं आहे. पुष्कळ ठिकाणी सरावाच्या ग्रीनचं गवत कोर्सवरच्या ग्रीनपेक्षा उंच ठेवतात. तिथे बसवलेला टप्पा पहिल्याच होलवर झेंड्यापलीकडे पळतो. दोन्हीकडचं गवत एकाच मापाने कापा. रेंजवर नवे मॅट टाकायचे पैसे आहेत, तर एवढं सहज जमेल.